हलत्या चित्रांचा कित्ता

पूर्वी शाळेत अक्षर वळणदार व्हावे म्हणून मुलांना कित्ता गिरवायला देत. वर एक ओळ सुबक अक्षरात लिहिलेली असे आणि तिच्याबरहुकूम मुलाने खालच्या ओळी भरायच्या असत. कित्ता गिरवणाऱ्या मुलाला कोणी चोर म्हणत नसे. पण जन्मभर कित्ताच गिरवत बसणाऱ्याला कोणी सुलेखनकारही म्हटले नसते.

संगणकावर हाताने चित्रे काढून ती हलती करणाऱ्या, म्हणजे अ‍ॅनिमेशन करणाऱ्या मुलांच्या हाती आज असाच एक कित्ता आहे. पेन्सिल टूडी, क्रिटा, ओपनटून्झ यांसारख्या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एखादे छायाचित्र बाहेरून आत आणण्याची, म्हणजे 'इम्पोर्ट' करण्याची, सोय असते. आणलेले चित्र तळाच्या थरात ठेवायचे, ते फिकट करायचे, त्यावर एक कोरा थर घ्यायचा आणि त्या थरात आपले चित्र काढायचे. काम झाले की तळाचा थर झाकून टाकायचा. या तळाच्या चित्राला आपण संदर्भचित्र म्हणू.

विज्ञान प्रदर्शनासाठी एखाद्या विद्यार्थ्याने या पद्धतीने धावणारा घोडा किंवा उडणारा पक्षी करून आणला, की शिक्षकांपुढे प्रश्न उभा राहतो. हा अभ्यास म्हणायचा की नक्कल? सॉफ्टवेअर नवे असले तरी प्रश्न नवा नाही. छायाचित्रावरून हलते चित्र काढण्याची रीत चित्रपटापेक्षाही जुनी आहे, आणि तिचा इतिहास पाहिला की उत्तराची दिशा सापडते.

घोड्याचे पाय

दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय कधी एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का? एकोणिसाव्या शतकात हा वादाचा विषय होता. चित्रकारांच्या मनात मात्र शंका नव्हती. पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे ताणलेले, असा अधांतरी घोडा ते बिनदिक्कत रंगवत. फ्रेंच चित्रकार जेरिको याच्या १८२१ सालच्या एप्सम येथील शर्यतीच्या प्रसिद्ध चित्रातले घोडे असेच आहेत.

जून १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज याने कॅलिफोर्नियात धावपट्टीच्या कडेला ओळीने १२ कॅमेरे मांडले. वाटेत ताणलेल्या दोऱ्या घोड्याच्या पायांनी ओढल्या गेल्या, की एकेक कॅमेरा चित्र टिपत असे. निकाल मजेदार होता. घोडा पूर्णपणे अधांतरी असतो हे खरे ठरले. पण त्या क्षणी त्याचे पाय ताणलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात! कित्येक वर्षे चित्रकार एकमेकांच्या चित्रांवरून घोडे काढत आले होते आणि चूक पिढ्यानुपिढ्या चालत आली होती.

पुढची गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. मायब्रिजने १८७९ मध्ये ही चित्रे पडद्यावर हलती दाखवण्याचे एक यंत्र तयार केले. त्याच्या काचेच्या तबकडीवर छायाचित्रे नव्हती. छायाचित्रांवरून हाताने रंगवलेल्या आकृत्या होत्या. यंत्रातल्या खाचांच्या फिरत्या चकतीमुळे पडद्यावर आकृती आखूड दिसे. म्हणून तबकडीवरचे घोडे मुद्दाम लांबट काढलेले असत. म्हणजे छायाचित्रावरून केलेल्या पहिल्यावहिल्या हलत्या चित्रांतच एक धडा होता. संदर्भचित्र जसेच्या तसे उतरवले तर पडद्यावर ते खोटे दिसू शकते; खरे दिसण्यासाठी यंत्राचा गुणधर्म ओळखून त्यात बदल करावा लागतो.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये शरीरशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे हालचालींची मोजमापे घेत होता. १८८२ मध्ये त्याने बंदुकीच्या आकाराचा, सेकंदाला १२ चित्रे टिपणारा कॅमेरा बनवला. पुढे त्याने याहून धीट प्रयोग केला. माणसाला नखशिखान्त काळा पोशाख घालायचा, हातापायांच्या लांबीवर चमकत्या पट्ट्या लावायच्या आणि काळ्या पडद्यासमोर चालायला सांगायचे. छायाचित्रात चेहरा नाही, कपडे नाहीत. फक्त हलत्या रेघा. चाल समजून घ्यायला चेहऱ्याची गरज नव्हती. संदर्भातून काय घ्यायचे याइतकेच काय सोडायचे हेही ठरवावे लागते, हे मारेने दाखवून दिले.

फाळक्यांचा वाटाणा

महाराष्ट्रात या कथेची सुरुवात एका कुंडीपासून होते. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. छायाचित्रण आणि छपाई या दोन्हींत मुरलेले. १९१२ साली इंग्लंडहून कॅमेरा घेऊन आल्यावर चित्रपटासाठी भांडवल उभे करायचे, तर धनिकांना काहीतरी करून दाखवणे भाग होते. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ त्यांच्या वाढीची चित्रे घेतली. बी रुजून वेल होईपर्यंतची ही गोष्ट पडद्यावर मिनिटभरात उलगडत असे. 'अंकुराची वाढ' हा तो लघुपट.

यात एक छान गणित दडलेले आहे. मूकपटांच्या काळात साधारणपणे सेकंदाला १६ चित्रे दाखवत. त्या हिशेबाने मिनिटभराला ९६० चित्रे लागतात. ती ३० दिवसांत घ्यायची, तर दिवसाला सरासरी ३२ चित्रे, म्हणजे दर पाऊण तासाला एक. दिवसाला एकच चित्र घेतले असते तर महिन्याभराची वाढ दोन सेकंदांत संपली असती. किती वेळाने चित्र टिपायचे हे कॅमेरा सांगत नाही. ते वाटाणा किती वेगाने वाढतो आणि तो किती वेळात वाढताना दाखवायचा आहे, यावर ठरते.

फाळक्यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात आगपेटीच्या काड्या नाचवल्या. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीने १९३४ साली 'जंबूकाका' हा कार्टूनपट काढला. अ‍ॅनिमेशन महाराष्ट्राला फार काळ परके नव्हते.

काचेवरची छाप

छायाचित्र थेट गिरवण्याचे पद्धतशीर यंत्र अमेरिकेत मॅक्स फ्लायशर याने तयार केले. त्याच्या पेटंटचा अर्ज १९१५ चा आणि मंजुरी १९१७ ची. 'रोटोस्कोप' नावाच्या या यंत्रात आधी चित्रित केलेल्या फिल्मची एकेक चौकट धूसर काचेवर पाडली जाई. काचेवर कागद ठेवून चित्रकार ती गिरवी, मग फिल्म एक चौकट पुढे सरके. फ्लायशरचा भाऊ डेव्ह विदूषकाचा वेश करून कॅमेऱ्यासमोर नाचला आणि त्यावरून 'कोको' हा विदूषक जन्मला. आजच्या सॉफ्टवेअरमधला तळाचा फिकट थर म्हणजे फ्लायशरची काचच होय.

पण लवकरच एक अडचण लक्षात आली. काटेकोर गिरवलेली हालचाल पडद्यावर निर्जीव वाटते. १९३७ च्या 'स्नो व्हाइट' या चित्रपटासाठी डिस्नेच्या चित्रकारांनी खऱ्या नर्तिकेचे चित्रीकरण करून घेतले होते. तरी ते जसेच्या तसे उतरवण्यापेक्षा त्यातला तोल आणि लय उचलून चित्र नव्याने काढावे लागते, असाच त्यांचा अनुभव होता.

असे का व्हावे? पहिले कारण हाताच्या चुकीचे आहे. कागदावरचे चित्र २५ सेंटिमीटर रुंद आणि पडदा ५ मीटर रुंद असेल, तर मोठेपणा २० पट होतो. गिरवताना रेघ अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली, तर पडद्यावर ती एक सेंटिमीटर सरकते, आणि दर चौकटीत वेगळ्या दिशेला! सगळी आकृती उकळत्या पाण्यासारखी थरथरते. दुसरे कारण माहितीच्या घटीचे. छायाचित्रात उजेड, सावली, कातडीचा पोत, वेगामुळे येणारा धूसरपणा हे सारे असते. रेघ यातले बहुतेक सगळे टाकून देते. हालचालीचा जोर दाखवणाऱ्या खुणाही त्याबरोबर जातात. त्या भरून काढायला चित्रकाराला वाकणे थोडे अधिक वाकवावे लागते, उडी थोडी अधिक ताणावी लागते. कुठे आणि किती, हे कळायला मुळात शरीर कसे चालते याची समज लागते. गिरवण्याने ही समज आपोआप येत नाही.

वडाखालचे हरीण

१९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेचे एक चित्रकार क्लेअर वीक्स शिकवायला आले. अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून ते आले होते. गंमत म्हणजे त्यांचा जन्म भारतातलाच, आईवडील मिशनरी. १९४२ च्या 'बॅम्बी' या हरणाच्या पाडसावरील चित्रपटावर त्यांनी काम केले होते. त्या चित्रपटासाठी स्टुडिओत दोन जिवंत पाडसे आणून ठेवली होती आणि चित्रकार त्यांचे सांधे न् सांधे अभ्यासत होते.

मुंबईत वीक्स यांच्या हाताखाली भारतीय चित्रकारांची पहिली तुकडी तयार झाली. पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे अध्वर्यू ठरलेले राम मोहन यांचीही सुरुवात इथलीच. या तुकडीचा पहिला चित्रपट १९५७ चा 'द बन्यन डीअर'. कथा हरणाचीच, पण जातककथांमधली: आपल्या कळपातील गाभण हरिणीच्या जागी स्वतः मरायला तयार होणाऱ्या निग्रोधमृगाची. निग्रोध म्हणजे वड. ही जातककथा अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातही चितारलेली आहे.

इथे आपल्या विषयाचा गाभा आहे. अमेरिकेतून आलेले ज्ञान मोलाचे होते: हरीण कसे उभे राहते, उडी घेण्याआधी अंग कसे आखडते. पण अमेरिकेतले हरीण आपले हरीण नव्हे. बॅम्बीच्या स्टुडिओतील पाडसे ज्या जातीची होती, तिच्या पिलांच्या अंगावर ठिपके असतात आणि काही महिन्यांत ते नाहीसे होतात. आपल्या चितळाच्या अंगावर ठिपके जन्मभर राहतात. चितळाच्या शिंगाला साधारणपणे तीनच टोके असतात; अमेरिकी हरणाचे शिंग वेगळ्याच घडणीचे असते. विद्यार्थ्याने महाजालावरून 'हरीण' म्हणून पहिले मिळेल ते चित्र उचलले आणि मेळघाटच्या जंगलात सोडले, तर तो जेरिकोच्याच वाटेने जातो. चित्र सुबक असते, पण हरीण त्या रानातले नसते.

उलट दिशेचा अनुभव १९९३ साली प्रथम दाखवल्या गेलेल्या 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' या चित्रपटाचा आहे. युगो साको या जपानी निर्मात्याने राम मोहन यांना बरोबर घेऊन तो केला. जपानी चित्रकारांचा हात पक्का होता. पण धोतर कसे नेसतात, धाकट्यांनी मोठ्यांचा आशीर्वाद घेताना कसे वाकायचे, हे त्यांना भारतीय चित्रकारांकडून समजून घ्यावे लागले.

संदर्भ मिळवताना मूळ वस्तूचे काय होते, हेही अजिंठ्याने शिकवले आहे. १८७२ पासून जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांमधील चित्रांच्या प्रतिकृती करत होते. त्यातल्या बऱ्याचशा प्रतिकृती १८८५ साली लंडनमध्ये आगीत जळाल्या. शिवाय भिंतीवरची चित्रे नीट दिसावीत म्हणून त्यांवर वॉर्निश फासले गेले आणि त्याने मूळ चित्रांनाच अपाय झाला.

कागदाकडून संगणकाकडे

कागदावर काम करताना चित्रकार दिव्याच्या पेटीवर दोन-तीन कागद एकावर एक ठेवून मागचे चित्र पाहत पुढचे काढत. संगणकात याच गोष्टीला कांद्याच्या पापुद्र्याचे नाव मिळाले. १९९० नंतर मोठ्या स्टुडिओंनी कागदावरची चित्रे संगणकात घेऊन तिथे रंगवायला सुरुवात केली. जपानच्या घिबली स्टुडिओत १९९७ च्या 'प्रिन्सेस मोनोनोके'साठी 'टून्झ' हे सॉफ्टवेअर वापरले गेले. २०१६ साली तेच 'ओपनटून्झ' या नावाने सर्वांना मोफत खुले झाले. जे साधन कधीकाळी फक्त स्टुडिओत होते, ते आज जिल्हा परिषदेच्या शाळेतील संगणकावरही चालू शकते.

साधन सोपे झाले, तशा चुकाही सोप्या झाल्या. दोन चुका विज्ञानाच्या शिक्षकांनी आवर्जून दाखवाव्यात अशा आहेत.

पहिली मापाची. आणलेले चित्र चौकटीत बसवताना फक्त आडवे ताणले, तर वर्तुळाचे लंबवर्तुळ होते. मायब्रिजचे घोडे मुद्दाम लांबट होते; आपले नकळत होतात. चित्र घेतानाच त्यात एखादे नाणे किंवा चेंडू ठेवला, तर ताण लगेच ध्यानात येतो.

दुसरी चूक काळाची, आणि ती अधिक फसवी आहे. मोबाइलचे चित्रीकरण बहुधा सेकंदाला ३० चौकटींचे असते, तर अ‍ॅनिमेशन बऱ्याचदा २४ चौकटींचे. ३० चौकटी एकास एक अशा २४ च्या पट्टीवर मांडल्या, तर एका सेकंदाची घटना सव्वा सेकंद चालते. पडणाऱ्या वस्तूने कापलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून पडद्यावरचे गुरुत्वत्वरण ९.८ ला १.२५ च्या वर्गाने भागून मिळते: सुमारे ६.३. दगड पृथ्वीवर पडला, पण चित्रातला दगड पृथ्वीवरचा राहिला नाही! जुने मूकपट आज लगबगीने पळताना दिसतात ते याच्याच उलट कारणाने. सेकंदाला १६ चौकटींनी घेतलेली फिल्म २४ चौकटींनी दाखवली जाते.

यावर एक सोपा प्रयोग करता येतो. भिंतीवर मोजपट्टी चिकटवून चेंडू सोडा आणि मोबाइलवर चित्रण करा. सेकंदाला १२ चित्रे काढायची असतील, तर लागोपाठच्या चित्रांमध्ये चेंडू अनुक्रमे सुमारे ३.४, १०.२, १७ आणि २३.८ सेंटिमीटर खाली यायला हवा, म्हणजे १ : ३ : ५ : ७ या प्रमाणात. हा गॅलिलिओचा नियम मुलांना स्वतःच्या चित्रात सापडतो. नंतर संदर्भचित्राचा थर झाकून, फक्त हे प्रमाण लक्षात ठेवून, आंबा किंवा नारळ पाडून दाखवायला सांगावे. ज्याला ते जमले त्याचा कित्ता गिरवून झाला.

खाडीवरचे रोहित

आमच्या नवी मुंबईतील शाळांना एक उत्तम संदर्भ दारातच उपलब्ध आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हजारोंच्या संख्येने उतरतात. ऐरोली, नेरूळ, सीवूड्स या बाजूंनी ते दिसतात. २०१५ मध्ये खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शहरातील भिंतींवरही हा पक्षी रंगवलेला दिसतो.

पण महाजालावर 'फ्लेमिंगो' शोधले तर वारंवार समोर येतो तो कॅरिबियन बेटांवरचा लालभडक पक्षी. तो आपल्या खाडीत येत नाही. इथे येतात त्या दोन जाती: मोठा रोहित आणि लहान रोहित. मोठ्याची चोच गुलाबी, टोकाला काळी. लहान रोहिताची चोच गडद किरमिजी. मोठा रोहित मान बुडवून चिखलापर्यंत चोच नेतो. लहान रोहित पाण्याच्या वरच्या थरातच चोच उलटी धरून डावी-उजवीकडे फिरवतो. दोघांच्याही पंखांची मागची पिसे काळी असतात. बसलेला असताना ती झाकलेली राहतात आणि उडताच दिसतात. शिवाय ज्याला आपण उलटा वाकणारा गुडघा समजतो, तो गुडघा नसून घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. हे माहीत नसेल, तर चित्रातला पक्षी दोन पावलांतच अडखळतो.

हे सारे एका उसन्या चित्रातून कळणार नाही. साधी दुर्बीण, वही आणि मोबाइल घेऊन केलेल्या एका सहलीत कळेल. मात्र पक्षी उडताना टिपावेत म्हणून त्यांना हुसकावणे किंवा जवळ ड्रोन नेणे म्हणजे अजिंठ्याच्या चित्रांवर वॉर्निश फासण्यासारखे आहे. लांबूनच घ्यावे, आणि जे मिळेल त्यात भागवावे.

उसने चित्र वापरूच नये असे नाही. स्वतः पाहता न येणाऱ्या गोष्टींसाठी ते लागणारच: देवमासा, ज्वालामुखी, पेशीचे विभाजन. वर्गात शिकवण्यासाठी असा वापर करायला आपला कॉपीराइटचा कायदा मुभा देतो. पण केलेला चित्रपट वर्गाबाहेर जाहीरपणे दाखवायचा असेल, तर मूळ छायाचित्रकाराची परवानगी घ्यावी किंवा खुल्या परवान्याचे चित्र निवडावे, आणि त्याचे नाव द्यावे. ही शिस्त मुलांना लहानपणीच लागलेली बरी.

मग गुण कसे द्यायचे? चित्र गिरवलेले आहे की नाही, एवढेच पाहून चालणार नाही. विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारावेत. हे संदर्भचित्र कुठले आणि कशाचे? यातले तू काय घेतलेस आणि काय सोडलेस? आणि यात तुला कोणती चूक सापडली? पहिल्याचे उत्तर प्रामाणिकपणाचे आहे, दुसऱ्याचे समजेचे. तिसऱ्याचे उत्तर देता यायला त्या मुलाला पडद्यावरून नजर काढून खऱ्या वस्तूकडे पाहावे लागते. तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर आहे, त्याने चित्र गिरवले असले तरी त्याला पूर्ण गुण द्यायला हरकत नाही.